हाफ पायडल

लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का?
बाईंनी विचारलं. इंग्रजीत, अर्थात.
टेबलावर पाण्याचा ग्लास, रेकॉर्डरचा लाल ठिपका,
खालून ताराराणी चौकातल्या एसटीचा हॉर्न.

राजारामपुरीच्या क्लासात बेनाडीकर सरांनी
उत्तर पाठ करून घेतलेलं:
वडिलांनी वाढदिवसाला दिली. रंग लाल.
पुढं बास्केट, बास्केटमध्ये फुलं.
आमच्या बॅचच्या बत्तीस नर्सना
बत्तीस वडिलांनी एकच सायकल दिलेली.

माझे वडील उद्यमनगरात, फौंड्रीत.
नाकात काळी वाळू घेऊन घरी यायचे.
सायकल होती, पण ती त्यांची.
कामाला जायची, कामावरनं यायची,
रविवारी उलटी करून तेल प्यायची.
तिला हात लावायचा नाही.

आमची होती ती तासाची.
मंगळवार पेठेत बाबालाल शिकलगारांचं दुकान,
तासाला दोन रुपये.
वहीत नाव, गल्ली, वडील काय करतात, निघाल्याची वेळ.
सात नंबर चेन टाकायची.
अकरा नंबरचा ब्रेक लागायचा, म्हणून ती कधी मिळायची नाही.

रुपया माझा, रुपया वैजू सुताराचा.
निम्मा तास मी, निम्मा तास ती.
घड्याळ दोघींकडं नाही.
पेटाळ्याच्या मैदानाला एक फेरी म्हणजे तीन मिनिटं,
हे आमचं आम्हीच ठरवलेलं.
जिची पाळी नाही तिनं मागं पळायचं,
धरायला नव्हे, फेऱ्या मोजायला.
चार! पाच! ए, पाच झाल्या गं!
धापेत आकडा कधी कधी गिळला जायचा
आणि एक फेरी फुकट मिळायची.
तिनं मुद्दाम गिळला का, हे मी कधी विचारलं नाही.

नळीखालून उजवा पाय घालायचा,
अंग एकीकडं, सायकल दुसरीकडं,
पायडल निम्मं खाली, परत निम्मं वर.
सीट माझ्या कानाला लागायची.
बाई, ह्याला तुमच्यात काय म्हणतात?
पण परीक्षकाला उलटा प्रश्न विचारायचा नाही,
हेही सरांनी पाठ करून घेतलेलं.

रेड, जिभेवर आलं होतं.
तोंडातनं निघालं,
नो. आय हॅड हाफ ॲन अवर.
बाईंचं पेन थांबलं.

मग मी दोन मिनिटं बोलले.
क्रियापदं कुठल्या काळात गेली, देव जाणे.
वैजू वर्तमानकाळातच पळत राहिली,
चप्पल हातात, रिबीन सुटलेली,
सातवी फेरी, आणि
थँक यू, बाई म्हणाल्या.
वैजू सातव्या फेरीतच राहिली.

पुढचा प्रश्न, शहरानं सायकलींसाठी काय करावं?
ते मला येत होतं. प्रदूषण, आरोग्य, वेगळी मार्गिका.
घडाघडा म्हटलं.
शिकलगारांच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात,
हे त्यात कुठं बसवायचं, कळलं नाही.
बाबालालचाचा, उशीर झाला तरी,
घड्याळाकडं न बघता
वहीत रेघ मारायचे.

निकाल लागला: साडेसहा.
तिकडच्या हॉस्पिटलला सात लागतात.

वैजू आता कागलला असते, शिवण शिकवते.
फोनवर म्हटलं, अर्ध्यानं गेलं गं.
ती हसायलाच लागली.
अर्ध्यानंच जाणार की तुझं. परत दे.
निम्मी फी मी घालते.
अगं, केवढी फी आहे, माहीत आहे का?
तिनं काहीतरी आकडा सांगितला.
मागं तिची मशीन चालू होती,
आकडा त्यात गेला.